जुन्या मारुती ८००चे ब्रेक आणि स्टिअरिंग घरच्या घरी: एका भटजीची पद्धत

गोव्यात जुन्या गाडीचे ब्रेक झिजण्याआधी गंजतात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्याखेरीज चार महिने हवेतली ओल, आणि चाकांच्या आत जाऊन बसणारी लाल माती. घाटमाथ्यापलीकडे लिहिलेल्या सूचना वाचून ब्रेक उघडलेत तर लायनर (मागच्या चाकाच्या ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे पट्टे) अजून जाडजूड दिसतील, आणि तुम्ही ‘सगळं ठीक आहे’ म्हणून ड्रम बंद कराल. मग ते लायनर ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरमधला पिस्टन अडकलेला तसाच राहील.

माझी मारुती ८०० ही १९९८ची, कार्बोरेटरवाली. मी भिक्षुकी करतो. फोंडा तालुक्यात यजमानांची घरं कवळे, बांदोडा, बोरी, म्हार्दोळ अशी विखुरलेली, आणि त्यातल्या बऱ्याच घरांकडे जायचं म्हणजे मुख्य रस्ता सोडून कुळागरात (पोफळीच्या बागेत) उतरणारी अरुंद घाटी. चवथीच्या दिवशी, म्हणजे गणेशचतुर्थीला, पहाटेपासून एका माटोळीखालून (गणपतीवर बांधलेल्या फळाफुलांच्या छताखालून) दुसऱ्या माटोळीखाली. त्या दिवशी ब्रेक रुसले तर यजमानही रुसतात. म्हणून श्रावण लागायच्या आत हे काम मी आमच्या पोर्चमध्ये उरकतो. मोटर मेकॅनिकचं शिक्षण मी घेतलेलं नाही. फोंड्यातल्या एका मेस्तांच्या (गॅरेजवाल्या कारागिराच्या) शेजारी उभा राहून शिकलो, आणि गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल पोथीसारखं वाचलं.

घरी काय करावं आणि काय करू नये, हे आधी ठरवून टाका. पॅड, लायनर, व्हील सिलिंडर, रबरी होज, ब्रेक ऑइल, हँडब्रेकची केबल, टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारं टोक) आणि रॅकचे (चाकं वळवणाऱ्या दातेरी दांड्याचे) रबरी बूट ही घरची कामं. ड्रम लेथवर घेणं, डिस्क बदलणं, लोखंडी ब्रेक पाइप बनवणं, प्रेसने बसवायचे बुश, स्टिअरिंग रॅक उघडणं आणि व्हील अलाइनमेंट ही मेस्तांची. ही रेघ मी कंजूषपणा बाजूला ठेवून आखली आहे. घरी काम केल्याने पैसे वाचतात हे खरं, पण माझं कारण वेगळं आहे: गॅरेजमध्ये घाईच्या दिवशी कुणी कॅलिपरची (पुढच्या डिस्कवर पॅड दाबणाऱ्या पकडीची) पिन काढून पुसत बसत नाही. मी बसतो.

खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यापुढे दर पाच वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून नूतनीकरण. ब्रेक आणि स्टिअरिंगचं काम त्या तारखेच्या महिनाभर आधी हाती घ्या. आदल्या रात्री नको.

चिऱ्यावर गाडी चढवू नका

आपल्याकडे प्रत्येक घरामागे जांभ्या दगडाचे चार चिरे पडलेले असतात, आणि जॅक लावून गाडी त्या चिऱ्यावर टेकवायची सवय आहे. हे करू नका. चिरा भिंतीत पसरलेला भार घेतो. गाडीचं वजन एका टोकावर आलं की तो न कुरकुरता फुटतो, आणि पावसात भिजलेला तर लवकरच. लोखंडी जॅक स्टँडची जोडी विकत घ्या. कोब्यावर, सपाट जागी गाडी लावा, पहिला गियर टाका, जी चाकं जमिनीवर राहणार त्यांना लाकडी गुटके लावा, मग जॅकने उचलून स्टँड लावा. स्टँडवर टेकल्यावर गाडीला खांद्याने जोरात धक्का द्या. हलायची असेल तर ती तेव्हाच हलू दे. काढलेलं चाक आडवं करून गाडीच्या चौकटीखाली सरकवून ठेवायचं, म्हणजे काहीही झालं तरी तुमच्या छातीवर गाडी येत नाही.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा. गंजलेल्या नटांना आणि पाइपच्या जोडांना आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. रात्रभर ते आत उतरलं की सकाळची अर्धी शिवीगाळ वाचते.

हत्यारांत एक गोष्ट हट्टाने घ्यावी: १० मिलिमीटरचा फ्लेअर नट पाना. त्याचं तोंड पाइप जाण्यापुरतंच उघडं असतं, बाकी नटाला पाच बाजूंनी धरतो. साध्या पान्याने ब्रेक पाइपचे नट गोल होतात, आणि एकदा गोल झाले की पाइप कापण्यावाचून गत्यंतर नाही. पाइपचे नट सगळीकडे एकाच मापाचे असतातच असं नाही, तेव्हा घेण्याआधी आपल्या गाडीवर लावून बघा.

उघडण्याआधी पायाने वाचा

गाडी उघडायच्या आधी पॅडल काय सांगतं ते ऐका. निम्म्या दुरुस्तीचा निकाल तिथे लागतो.

इंजिन चालू ठेवून पॅडलवर मध्यम दाब देऊन तसाच धरा. पॅडल हळूहळू खाली जात राहिलं आणि बाहेर कुठे गळती नसली, तर मास्टर सिलिंडरमधली (पॅडलच्या जोराने ऑइलवर दाब आणणाऱ्या नळीतली) रबरं आतल्या आत ऑइल सोडताहेत. पॅडल पहिल्या दाबाला खोल जातं पण भराभर दोनतीनदा मारल्यावर वर येतं, तर बहुधा मागच्या लायनरचं ॲडजस्टमेंट सुटलेलं आहे. पॅडल स्पंजासारखं लागतं, तर ऑइलमध्ये हवा आहे. पॅडल घट्ट, पण गाडी थांबत नाही, तर पॅड चकाकून गेलेत, त्यांना तेल लागलंय, किंवा पिस्टन अडकलेत. ज्या ८००ला बूस्टर (इंजिनच्या ओढीने पॅडलला जोर देणारा डबा) आहे तिथे बूस्टरही तपासा: इंजिन बंद करून पॅडल कडक होईपर्यंत मारा, पाय दाबून धरा, इंजिन सुरू करा. पॅडल थोडं खाली गेलं तर बूस्टर जिवंत आहे.

ब्रेक मारल्यावर गाडी डावीकडे ओढते, तर लोक डावं चाक उघडतात. उजवं आधी उघडा. बहुतेक वेळा उजवा ब्रेक झोपलेला असतो आणि डावा बिचारा आपलं काम करत असतो.

ब्रेक मारताना पॅडल थरथरतं, तर पुढची डिस्क वाकडी की मागचा ड्रम लंबगोल? मोकळ्या रस्त्यावर हळू वेगात, पॅडल न मारता हँडब्रेकचं बटण दाबून धरून दांडा हलकेच ओढा. थरथर तेव्हाही आली तर मागचे ड्रम. नाही आली तर पुढे बघा.

आणि चाक फिरून आल्यावर खूप तापलेलं असेल, तर ती माझ्या आवडीची परीक्षा. ते चाक जॅकवर घ्या, हाताने फिरवा. जड फिरतं? ब्लीड निपल (चाकापाशी ऑइल आणि हवा बाहेर सोडायचा छोटा स्क्रू) किंचित उघडा. थोडं ऑइल उडून चाक मोकळं झालं, तर दाब आत कोंडलेला होता, म्हणजे रबरी होज आतून फुगून बंद झालाय किंवा मास्टर सिलिंडर परतीची वाट देत नाही. निपल उघडूनही चाक जडच राहिलं, तर पिस्टन किंवा कॅलिपरच्या पिना अडकल्यात. बाहेरून धडधाकट दिसणारा होज आतून गळा आवळून बसलेला असतो, हे पुष्कळ मेस्तही विसरतात आणि नवा कॅलिपर घालून देतात.

पुढची चाकं

एका वेळी एकाच बाजूचं चाक उघडा. दुसरी बाजू तशीच राहिली की विसरलेली स्प्रिंग, पिन, पत्रा तिथे जाऊन बघता येतो. फोनवर फोटो काढा, तरीही दुसरी बाजू हाताशी असू दे.

ब्रेकची धूळ फुंकून उडवू नका, कंप्रेसरची हवा तर मुळीच नको. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. साबणाच्या पाण्याने भिजवून, तोंडाला मास्क लावून, चिंधीने पुसून घ्या आणि चिंधी पिशवीत बांधून टाकून द्या. सोवळ्याओवळ्याचं म्हणाल तर हे काम करून मी विहिरीवर जातो, मगच घरात.

कॅलिपरचे दोन बोल्ट काढून कॅलिपर उचलला की तो होजवर लोंबकळू देऊ नका. तारेने स्प्रिंगला बांधा. पिस्टन आत ढकलायचा असतो, नव्या जाड पॅडना जागा व्हावी म्हणून. इथे बहुतेक लोक पिस्टन दाबतात आणि वर टाकीत ऑइल उसळतं. मी निपलला पारदर्शक नळी लावून निपल उघडतो आणि मग पिस्टन सी-क्लॅम्पने हळू दाबतो. कॅलिपरमध्ये वर्षानुवर्षं साचलेलं काळं ऑइल त्यामुळे मास्टर सिलिंडरकडे परत जात नाही, बाहेर पडतं. पिस्टन असा दाबूनही आत जात नसेल, डस्ट बूट फाटला असेल किंवा त्याखाली गंजाचे खड्डे दिसले तर कॅलिपरचं रबर किट किंवा कॅलिपरच बदलायचा.

आता त्या पिना. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या दोन पिना आमच्या हवेत हमखास जाम होतात, आणि मग आतला पॅड झिजून पत्र्याला टेकतो तरी बाहेरचा अर्धा शिल्लक. पॅड असे तिरपे, कमीजास्त झिजलेले दिसले तर नवे पॅड घालून काही होणार नाही, आधी पिना. बाहेर काढा, बारीक पॉलिश पेपरने घासा, खड्डे पडले असतील तर नव्या घ्या. वंगण म्हणून बेअरिंगचं साधं पिवळं ग्रीस लावू नका. खनिज तेलाने ब्रेकची रबरं फुगतात. ब्रेकसाठीचं रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस मिळतं, एक छोटी ट्यूब वर्षानुवर्षं पुरते.

त्याच कारणाने ब्रेकचा कुठलाही आतला भाग पेट्रोल, डिझेल, रॉकेल यांनी धुवू नका. स्वच्छ ब्रेक ऑइल नाहीतर ब्रेक क्लीनर.

पॅडवरच्या मसाल्याचं (घासणाऱ्या थराचं) जाडपण ३ मिलिमीटरच्या खाली गेलं की मी बदलतो, आणि नेहमी दोन्ही बाजूंचे एकदम. डिस्कचं किमान जाडपण मॅन्युअलमध्ये असतं, कित्येकदा डिस्कवरच कोरलेलं असतं. व्हर्नियरने मोजा, कारण कडेला उठलेल्या धारेमुळे डोळा फसतो. पावसात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर सकाळी नारिंगी थर दिसतो तो मात्र काही नाही, दोन ब्रेकात जातो.

मागचे ड्रम

इथे वेळ द्या. मारुती ८००चे मागचे ड्रम कुणी उघडत नाही, कारण ते निघत नाहीत.

हँडब्रेक पूर्ण सोडा, केबलचा ॲडजस्टर सैल करा. मधलं टोपण ठोकून काढा, स्प्लिट पिन सरळ करून ओढा, कॅसल नट (पिनेसाठी खाचा असलेला) काढा. ड्रम येत नसेल तर कडांवर हातोडीने मारत सुटू नका. ओतीव लोखंड आहे, टवका उडतो. ड्रमच्या तोंडावर आट्यांची दोन भोकं असली तर त्यांत योग्य मापाचे बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे घट्ट करत जा, ड्रम स्वतःहून बाहेर येतो. नसली तर स्लाइड हॅमर पुलर भाड्याने किंवा उसना आणा. ड्रम आतल्या कडेला अडकत असेल तर लायनरनी ड्रममध्ये खाच पाडलेली असते. ॲडजस्टर मागे घेतल्याशिवाय तो सुटणार नाही.

ड्रमसोबत बेअरिंगही हातात येतं. बोटाने फिरवून बघा, खरखर लागली तर ह्याच वेळी बदलून घ्या. ते बसवायला प्रेस लागतो, ड्रम घेऊन मेस्तांकडे जा.

आत पहिल्यांदा व्हील सिलिंडर बघायचा. त्याच्या रबरी टोपीची कड नखाने उचला. आत ओल असेल, ऑइलचा थेंब असेल, तर सिलिंडर गेला. आतली नळी घासून गुळगुळीत करून नवं रबर घालायची पद्धत आहे. मी करत नाही. खड्ड्यांवर रबर टिकत नाही, आणि व्हील सिलिंडर हा गाडीतला स्वस्त भाग आहे. नवा घ्या, दोन्ही बाजूंना.

लायनरला ऑइल लागलं असेल तर ते पेट्रोलने धुऊन, तव्यावर भाजून परत घालणारे लोक मला माहीत आहेत. मसाल्यात मुरलेलं ऑइल गरम झालं की पुन्हा वर येतं. टाकून द्या.

नवे लायनर बसवताना मागच्या पत्र्यावर जिथे शू (लायनर ज्यावर चिकटवलेला असतो तो लोखंडी कमानी पत्रा) घासतो त्या उंचवट्यांवर उष्णता सोसणारं ग्रीस पुसटसं लावा. पुसटसं म्हणजे बोट पुसल्यावर उरेल तितकं. लायनरवर आणि ड्रमच्या आतल्या बाजूला बोटाचा ठसासुद्धा नको. स्प्रिंगा ताणून ढिल्या झाल्या असतील किंवा गंजाने बारीक झाल्या असतील तर स्प्रिंग किट बदला. हँडब्रेकचा दांडा आपल्या खिळीवर सहज हलतो का ते बघा. आमच्याकडे तोही धरून बसतो. केबल ओढून सोडली की ती आपोआप परत जायला हवी. आत पाणी शिरून गंजलेली केबल तेलाने दोन महिने चालते, मग पुन्हा अडकते. नवीच घाला.

ड्रम परत बसवून नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कवर कसा आणि स्प्लिट पिन नवी घाला. दर्भाचं पवित्रक एकदा सोडलं की पुन्हा बोटात घालत नाहीत, तसंच हिचं. एका पिनेची किंमत दोनपाच रुपये, ती वाचवून मागचं चाक पणाला लावू नये.

पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका. गियर टाका, गुटके लावा. लायनर ओल्या ड्रमला चिकटतो आणि मग गाडी हलवताना टणकन आवाज येऊन मसाला शूपासून सुटून येतो.

पाइप, होज आणि ऑइल

गाडीखाली झोपून लोखंडी पाइपवरून चिंधी फिरवा. पाइप क्लिपांनी जिथे धरलाय तिथे लाल माती साचते, ती ओल धरून ठेवते, आणि गंज नेमका तिथेच खातो. क्लिप उघडून बघा. वरवरचा लालपणा पुसला जातो. पापुद्रे निघत असतील तर पाइप बदला. साधी तांब्याची नळी वाकवून बसवून देणारे भेटतात, ती थरथरीने कडक होऊन चिरते. मूळ मापाचा, टोकं दुहेरी फ्लेअर केलेला पाइप घ्या. पाइपचा नट सोडवताना नटासोबत पाइपही पिळतोय असं दिसलं की थांबा, तेल मारा, उद्या या.

रबरी होज वाकवून बघा, भेगा दिसल्या तर बदला. दहा वर्षांवरचे होज मी भेगा न बघताच बदलेन. भाग घेताना मारुतीचे मूळ घ्या, नाहीतर ब्रेक्स इंडिया, राणे असली नावाजलेली नावं. ब्रेकच्या बाबतीत ‘सेम टू सेम’ म्हणून पुढे सरकवलेलं पाकीट मी काउंटरवरच ठेवून येतो.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ३ ह्या प्रतीचं ऑइल नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतं. पाणी मुरलेल्या अवस्थेत त्याची मर्यादा १४० अंशांवर धरलेली आहे. अनमोडचा घाट उतरताना ब्रेक तापले की पाणी मुरलेलं ऑइल उकळतं, पाइपमध्ये वाफ होते, आणि पॅडल जमिनीला टेकतं. वरून टाकी भरलेली असते, म्हणून कुणाला संशय येत नाही. दर दोन वर्षांनी सगळं ऑइल बदला, सीलबंद डब्यातलंच वापरा. अर्धा उरलेला डबा कपाटात ठेवून पुढच्या वर्षी वापरू नका, आपल्या हवेत तर नाहीच. डॉट ३ऐवजी डॉट ४ चालतं. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते ह्यात मिसळायचं नाही.

ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओता, नाहीतर रंग सोलतो. आणि जुनं ऑइल कुळागरात, पाटात, विहिरीच्या आसपास ओतू नका. बाटलीत भरून गॅरेजच्या जळक्या ऑइलच्या पिंपाकडे न्या.

एअर, म्हणजे ऑइलमधली हवा, काढायला दुसरा माणूस लागतो. माझा भाचा पॅडलवर, मी चाकापाशी. निपलला पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या ताज्या ऑइलमध्ये बुडलेलं.

“दाब.”

“दाबलं, मामा.”

“धर तसंच.” मी निपल उघडतो, बुडबुडे येतात, पॅडल खाली जातं. मी निपल बंद करतो. “आता सोड.”

निपल बंद व्हायच्या आत पाय उचलला तर हवा उलट आत जाते, म्हणून ‘सोड’ ऐकल्याशिवाय सोडायचं नाही, मध्ये फोन वाजला तरी. ८००चा मास्टर सिलिंडर उजव्या बाजूला, तेव्हा सर्वांत लांबचं चाक आधी: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम दिला असेल तर तो पाळा. टाकी मधेमधे भरत राहा. ती एकदा रिकामी झाली की पुन्हा श्रीगणेशा.

जुन्या मास्टर सिलिंडरसाठी एक काळजी. पॅडलखाली लाकडाचा गुटका ठेवा, म्हणजे ते तळापर्यंत जाणार नाही. रोजच्या वापरात रबरं नळीच्या ठराविक भागातच फिरतात, त्यापुढचा भाग गंजलेला असतो. पॅडल तळाला नेलं की रबर त्या गंजावर घासून फाटतं, आणि एअर काढताना ठीक असलेला सिलिंडर दुसऱ्या दिवशी ऑइल सोडू लागतो.

स्टिअरिंग

आधी टायरमधली हवा बघा. गंमत नाही करत. ‘स्टिअरिंग जड झालंय’ म्हणून गाडी घेऊन जाणाऱ्यांत कमी हवेचेच पुष्कळ.

पुढची दोन्ही चाकं उचलून स्टँडवर. चाकाला डावीउजवीकडून, घड्याळात नऊ आणि तीन असतात तिथे धरून हलवा. खटखट आली तर टाय रॉड एंड किंवा रॅकमधला जोड. दुसऱ्याला हलवायला सांगून तुम्ही जोडावर बोट ठेवा. डोळ्यांपेक्षा बोटाला खेळ लवकर कळतो. मग वरखाली, बारा आणि सहाला धरून हलवा. इथे खेळ आला तर बेअरिंग किंवा खालचा बॉल जॉइंट (चाकाला खालून धरणारा, फिरू देणारा सांधा). कुठला, हे कळायला भाच्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर बेअरिंग. राहिला तर बॉल जॉइंट. खालचा बॉल जॉइंट गेला असेल तर गाडी चालवू नका. टाय रॉड एंडचा खेळ वाढत जातो, आवाज करतो, वेळ देतो. बॉल जॉइंट सुटला की चाक आडवं पडतं.

टाय रॉड एंड बदलणं सोपं आहे, मोजमाप नीट ठेवलं तर. लॉक नट सैल करायच्या आधी आट्यांवर रंगाची रेघ मारा. स्प्लिट पिन काढा, नट काढा. निमुळता खुंटा आपल्या भोकात घट्ट बसलेला असतो. तो काढायला खालून हातोडी मारून आटे चेपू नका. ज्या कानात तो बसलाय त्या कानाच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन हातोड्या एकदम मारा. दोनतीन ठोक्यांत तो टपकन सुटतो. गॅसने तापवू नका. जुना एंड सोडवताना किती फेरे फिरले ते मोजा, नवा तितकेच फेरे फिरवा. नवा नट कसताना खुंटाच गरगर फिरू लागला तर खालून जॅकने एंड हलका वर दाबून धरा, निमुळता भाग पकडतो आणि नट कसला जातो. मग नवी स्प्लिट पिन.

हे झालं की गाडी थेट अलाइनमेंटला न्यायची. फेरे कितीही नीट मोजा, चाकांचा कोन थोडा बदलतोच, आणि एका पावसाळ्यात टायरची आतली कड गुळगुळीत होते. अलाइनमेंटनंतर सरळ रस्त्यावर स्टिअरिंग तिरपं दिसत असेल तर दुकानवाल्याकडून दोन्ही टाय रॉड सारखे करून घ्या. स्टिअरिंगच काढून एक दाता फिरवून सरळ बसवून देतो म्हणाला तर दुसरं दुकान बघा.

रॅकच्या दोन्ही टोकांना घडीघडीचे रबरी बूट असतात. मला विचाराल तर गोव्यात स्टिअरिंगचं आयुष्य ह्या दोन रबरांवर आहे. बूट फाटला की डबक्यातली लाल माती ग्रीसमध्ये मिसळते आणि रॅक घासला जातो. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा म्हणजे घड्या उघडतात आणि चीर दिसते. नवा बूट स्वस्त आहे. टाय रॉड एंड काढलेलाच असतो तेव्हा तोही घालून टाका, जुनं ग्रीस पुसून नवं भरा.

रॅकच्या खोक्यावर खेळ कमी करायचा एक स्क्रू असतो, तो पाहून हात शिवशिवतात. त्याला हात लावू नका. घट्ट केला की मधला खेळ कमी वाटतो, पण वळणावर स्टिअरिंग परत येत नाही, आणि बोरीच्या वळणांवर ते कळणं बरं नव्हे. स्टिअरिंग मोकळं असतानाचा खेळ रिमवर मोजा: इंजिन बंद, चाकं सरळ, चाक हलू न देता रिम किती फिरते. साधारण ३० मिलिमीटरच्या वर गेला आणि टाय रॉड एंड चांगले असतील, तर स्टिअरिंग कॉलमचा खालचा जोड बघा. त्याचा बोल्ट सैल असतो तेव्हा लोक विनाकारण रॅक बदलतात.

रस्त्यावर

पॅडल कडक होईपर्यंत मारा, मगच इंजिन सुरू करा. नवे पॅड बसवल्यावर पहिलं पॅडल रिकामं जातं, आणि ते फाटकापाशी कळू नये. आधी अंगणात चालण्याच्या वेगाने पुढे, मागे. हँडब्रेकचाही एक प्रयत्न.

नव्या पॅडना बसायला वेळ लागतो. रविवारी सकाळी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतले रस्ते मोकळे असतात, मी तिथे जातो. ताशी ५० किलोमीटरवरून १०पर्यंत मध्यम ब्रेक, पूर्ण न थांबता. मग थोडं चालवून ब्रेक निवू द्यायचे, पुन्हा तेच. आठदहा वेळा केलं की पकड येते. वास येऊ लागला तर थांबा. पहिल्या काही दिवसांत करकचून ब्रेक मारावे लागतील अशी गर्दी टाळा. पाण्यातून गाडी काढल्यावर पुढच्या वळणाआधी पॅडल हलकं दाबून ड्रम वाळवून घ्यायची सवय मात्र कायमची ठेवा.

परत आल्यावर चारही चाकं हाताच्या पाठीने तपासा, कुठलं जास्त तापलंय का. चाकाचे नट पुन्हा कसा. आठवड्याने टाकीतली ऑइलची पातळी बघा, निपल आणि जोड चिंधीने पुसून ओल आहे का बघा. ऑइल बदलल्याचा महिना आणि वर्ष चिकटपट्टीवर लिहून टाकीवर लावा. रॅकचे बूट आणि कॅलिपरच्या पिना मात्र दरवर्षी मेमध्ये बघायच्या, जूनमध्ये नाही. तेव्हा पोर्चच्या कडेने पाणी आत येत असतं आणि स्टँड ओल्या कोब्यावर घसरतो.